हळदीपुरती थोरली सून

घटस्फोटाचा बरा वकील कोण हे तुम्हाला माहीत असतं. मग कुणी विचारलं की तुम्ही आपल्या चपलांकडे का बघायला लागता?

नाही म्हणू नका. मी डोंबिवलीत वाढलेय. इथे प्रत्येकाला सगळ्याचा पत्ता ठाऊक असतो. गुडघ्याचा डॉक्टर, गणिताचा क्लास, उकडीचे मोदक घरपोच देणाऱ्या काकू, पत्रिकेतला मंगळ सौम्य करून देणारे गुरुजी. विचारायचा अवकाश, लोक नंबर देतात आणि वर म्हणतात, “माझं नाव सांगा, नीट करतील.” मी ताईसाठी वकील शोधायला लागले तेव्हा याच लोकांची दातखीळ बसली. ज्यांच्या घरातला घटस्फोट अख्ख्या मानपाड्याला माहीत आहे त्यांनीही “आमचा बाई कधी तसा संबंध आला नाही” म्हणून दार लावून घेतलं.

शेवटी समोरच्या विंगमधल्या काकूंनी मला भाजीवाल्याकडे गाठलं. मेथीची जुडी उलटसुलट करत, माझ्याकडे न बघता, त्यांनी एक नंबर सांगितला.

“चांगले आहेत. माझं नाव नको हं घेऊस.”

“का हो काकू?”

“अगं, आमच्या मुलाचं झालं त्यांच्याकडे. पण आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. सून माहेरी गेलीय असंच म्हणतो.”

त्यांची सून गेली त्याला इतकी वर्षं झाली आहेत की ती कशी दिसायची हेही मला आठवत नाही. इतकी वर्षं ही बाई माहेरपणाला गेलेली आहे आणि सोसायटीतला एकही माणूस विचारत नाही की बाई, परत कधी येणार? विचारत नाहीत, कारण सगळ्यांना माहीत आहे. बोलत नाहीत, कारण सगळ्यांना माहीत आहे.

माझी ताईही माहेरी आली होती. पण ती परत न जाण्यासाठी आली होती, आणि विचारणाऱ्याला ते तसंच सांगत होती. आमच्या घरात पहिलं वादळ झालं ते यावरूनच. आईचं म्हणणं, सांगायची काय गरज आहे?

आमचं घर म्हणजे पत्रकांचं घर. बाबा एमआयडीसीत एका कंपनीत होते, युनियनमध्ये होते, आणि पलंगाखाली ट्रंकांऐवजी पत्रकांचे गठ्ठे होते. मला पहिलं सलग वाचता आलेलं वाक्य ‘बंधू आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा’ हे होतं. शाळेत पावसाळ्यावर निबंध लिहिला तरी माझ्या निबंधाच्या शेवटी मागण्या असायच्या. ताईचं तसं नव्हतं. ती पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनाने गोल करायची आणि बाबांना परत द्यायची. पुढे ती केमिस्ट्री शिकली, एमआयडीसीतल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली, आणि तीन वर्षांपूर्वी लग्न करून कोपरला गेली. पूर्वेकडून पश्चिमेला. आई म्हणायची, हाकेच्या अंतरावर दिली आहे.

ताईचा नवरा मारत नव्हता. दारू पीत नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे महिने आम्हाला भेटलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने हेच आधी विचारलं, आणि ‘नाही’ म्हटल्यावर प्रत्येकाचा चेहरा असा पडला जणू आम्ही त्याचा वेळ फुकट घालवायला आलो होतो.

तो बोलत नव्हता. मुका नव्हता. ऑफिसच्या फोनवर तासभर बोलायचा, क्रिकेटवर बोलायचा, वॉचमनच्या मुलीच्या दहावीची चौकशी करायचा. ताईशी मात्र तो आईमार्फत बोलायचा. एकाच टेबलावर तिघं जेवत असायची. तो सासूबाईंना म्हणायचा, “आई, हिला सांग, उद्या डबा नको.” आणि सासूबाई शेजारच्या खुर्चीतल्या सुनेकडे मान वळवून म्हणायच्या, “अगं, उद्या त्याला डबा नको.” ताईने काही म्हटलं की तेही त्याच रस्त्याने परत जायचं. हे सुरू झालं ताईने आपला पगार आपल्या खात्यात ठेवायचं ठरवलं तेव्हा. आधी चार-सहा दिवस चाललं, मग महिनाभर, मग तीच त्या घराची रीत झाली. सासरे पेपर वाचत बसायचे. धाकटा दीर मोबाइल बघत बसायचा. कुणालाही त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं.

मग ताईला डेंग्यू झाला. ती तापाने फणफणलेली, आणि हा माणूस बेडरूमच्या दारात उभा राहून स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, “आई, हिला विचार, हॉस्पिटलला जायचंय का.”

ताई हॉस्पिटलला गेली, बरी झाली, घरी येऊन बॅग भरली आणि रविवारी दुपारी आमच्या दारात उभी राहिली. आईने पहिला प्रश्न विचारला, “जेवलीस का?” दुसरा प्रश्न विचारला, “किती दिवस आहेस?”

बाबांनी ठरवलं की आपल्याच माणसाकडे जायचं. आपला माणूस म्हणजे बाबांच्या चळवळीतले वकीलकाका, ठाण्याला कोर्टाजवळ ऑफिस. महिला दिनाला हे काका दरवर्षी भाषण करतात. लहानपणी मी ते भाषण पहिल्या रांगेत मांडी घालून ऐकलंय, टाळ्या वाजवल्यात. ‘स्त्रीच्या मानसिक गुलामगिरीच्या शृंखला’ हे शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले आणि नंतर वक्तृत्व स्पर्धेत वापरून बक्षीसही आणलं. तर हे काका. त्यांनी चहा मागवला, बाबांशी जुन्या संपाच्या गप्पा मारल्या, आणि मग ताईकडे वळले.

“मारलं का?”

“नाही.”

“काही मागणी? गाडी, फ्लॅट, सोनं?”

“नाही.”

“बाहेर लफडं?”

“माहीत नाही. नसावं.”

“मग प्रॉब्लेम काय आहे बाळा?”

“तो माझ्याशी बोलत नाही. दोन वर्षं.”

काका खुर्चीत मागे रेलले आणि मनापासून हसले. “अगं, मग सुखी आहेस की! आमची ही म्हणते, कोर्टात बोलता तेवढं पुरे, घरी तोंड उघडू नका.”

बाबाही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ताईने हसणाऱ्या दोघांकडे लॅबमध्ये रंग बदलायची वाट बघावी तसं शांतपणे बघितलं. मला ते जमत नाही.

“काका,” मी म्हटलं, “भाषणात तुम्ही मानसिक गुलामगिरी म्हणता ती हीच ना?”

“ते भाषण असतं गं,” काका म्हणाले.

इतका प्रामाणिक माणूस मला त्यानंतर अख्ख्या प्रकरणात भेटला नाही.

फीचं विचारल्यावर काकांनी कानांना हात लावले. तुमच्याकडून फी घेईन? छे छे. त्यांनी केस आपल्या ज्युनिअरकडे सोपवली आणि ज्युनिअरने जिन्यात आम्हाला गाठून फी सांगितली. केस कल्याणच्या कोर्टात चालणार, म्हणजे ठाण्याहून कल्याणला यायचं, म्हणजे प्रत्येक तारखेचे वेगळे, आणि प्रवासाचे त्याहून वेगळे. प्रवासाचा आकडा ऐकून मला वाटलं शीळफाटा ओलांडायला या माणसाला व्हिसा लागत असणार.  घरी आल्यावर बाबा म्हणाले, “शब्द टाकला त्याने आपल्यासाठी, तेवढंही कुणी करत नाही.” कुठे टाकला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग मेथीच्या जुडीतला नंबर. डोंबिवली स्टेशनजवळ, खाली फरसाणाचं दुकान, वर यांचं ऑफिस. हे गृहस्थ उत्साही होते. त्यांच्याकडे पॅकेजेस होती. म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीचं, स्वस्त. कंटेस्टेड, म्हणजे भांडायचं, महाग. भांडता भांडता म्युच्युअलवर आलो तर मधलं एक पॅकेज. हे सगळं त्यांनी अशा सुरात सांगितलं की मी वाट बघत होते, आता विचारतील, गोड पदार्थात जिलबी धरू का गुलाबजाम?

“समोरची पार्टी म्युच्युअल द्यायला तयार आहे?” त्यांनी विचारलं.

“विचारलं होतं,” ताई म्हणाली. “सासूबाईंनी सांगितलं, तो नाही म्हणतोय.”

“तो काय म्हणतो?”

“तो माझ्याशी बोलत नाही. त्याचीच तर केस आहे.”

“ओके ओके. मग कंटेस्टेडचा ड्राफ्ट करून प्रेशर टाकू. घाबरतात लोक.”

अर्धी फी आगाऊ द्यायची होती. ताईने दिली. तिची साठवलेली रक्कम त्यात बरीचशी गेली, आणि आई चार दिवस हातातल्या पाटल्यांकडे बघत बसली, पण त्यावर मी इथे रडणार नाही. ताई कमावती होती म्हणून देऊ शकली. ज्या बायकांचा पगार नसतो त्या या जिन्यावरून खालच्या खालीच परत जात असतील.

पुढच्या आठवड्यात ड्राफ्ट मिळाला. ताईने तो तिथेच खुर्चीत बसून वाचायला घेतला. वकीलसाहेबांना हे नवीन असावं, ते दोनदा म्हणाले, “घरी नेऊन निवांत वाचा ना.” ताई वाचत राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यात लिहिलं होतं की नवरा रोज दारू पिऊन येतो. केस धरून मारतो. गाडीसाठी छळ करतो. आणि अर्जदार बाईला दोन अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलगे आहेत.

“ही कोण?” ताईने विचारलं.

“कोण?”

“ही बाई. दोन मुलं असलेली.”

वकीलसाहेबांनी वाकून बघितलं. “अरेरे, ते आधीच्या मॅटरमधलं राहिलं. काढतो. बाकी फॉरमॅट सेमच असतो मॅडम.”

“बाकीही काढा. तो दारू पीत नाही.”

“मॅडम, तुम्हाला डिव्होर्स पाहिजे ना?”

“पाहिजे.”

“मग दारू पिऊ द्या ना त्याला दोन पानं!”

स्वतःच्या विनोदावर ते हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, “मी ज्याची टेस्ट केली नाही त्या रिपोर्टवर सही करत नाही. लॅबमध्येही नाही, इथेही नाही. तो बोलत नाही, आईमार्फत बोलतो, हे लिहा. डेंग्यूचं लिहा.”

“एवढ्यावर कुठलं कोर्ट हलतं मॅडम? मार पाहिजे.”

मी हे वाक्य घरी येऊन मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवलं. मार पाहिजे. आपल्याकडे बाईचं दुःख मोजायचं एकच माप आहे आणि ते वळ बघून ठरतं. ज्या बिचाऱ्याला बायकोला हात न लावता संपवता येतं तो सज्जन. तो जावई म्हणून पुन्हा बाजारात जायला मोकळा.

पण खरी गंमत पुढे आहे. वकीलसाहेब समोरच्या पार्टीच्या वकिलाला ओळखत होते. दोघं एकत्रच चहा पितात, हे त्यांनी आम्हाला मोठी सोय म्हणून सांगितलं. त्या चहावर एक तोडगा निघाला आणि तो सांगायला त्यांनी आम्हाला घाईने बोलावून घेतलं. चेहरा खुललेला.

“अभिनंदन मॅडम. म्युच्युअलला तयार आहेत.”

आईही सोबत होती. तिने हात जोडले.

“फक्त एक छोटी अट आहे. धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. ते उरकेपर्यंत तुम्ही शांत राहायचं. आणि हळदीला आणि लग्नाला जाऊन उभं राहायचं. थोरली सून म्हणून. बस. लग्न झालं की पुढच्या महिन्यात सह्या.”

“उभं राहायचं म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे… साडी नेसायची, हळद लावायची, फोटो काढायचे. दोन दिवसांचा प्रश्न आहे मॅडम. लोकांची दहा-दहा वर्षं जातात.”

मी म्हटलं, “दोन दिवस भाड्याने सून पाहिजे असं सरळ म्हणा ना.”

“ताईंना बोलू द्या,” ते मला म्हणाले. “तुमचं मॅटर नाही हे.”

ताईने एकच विचारलं. “त्या मुलीच्या घरच्यांना काय सांगितलंय?”

“ते तुमचंही मॅटर नाही,” वकीलसाहेब म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी माझ्या घराला ओळखत नव्हते. आई म्हणाली, “दोनच दिवस तर आहेत गं, डोळे मिटून काढ.” मावशी बदलापूरहून फोन करून म्हणाली, “एवढं दिलंस तर सुटशील, वेडेपणा करू नकोस.” ठाण्याच्या वकीलकाकांनी बाबांना फोनवर सांगितलं की ही ऑफर उत्तम आहे. आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर कंपनीच्या मॅनेजमेंटने पुढे केलेला प्रत्येक कागद तडजोडीचा सापळा म्हणून फाडला, ते ताईसमोर बसून म्हणाले, “तत्त्व म्हणून चूक आहे. पण डावपेच म्हणून बघायला हरकत नाही.”

“बाबा, संपात कुणी असं म्हटलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?” मी विचारलं.

“संप वेगळा.”

“कसा वेगळा?”

“त्यात आपण सगळे होतो.”

म्हणजे इथे ताई एकटी आहे, हे त्यांनी कबूल केलं. स्वतःच्याच तोंडाने, आणि त्यांना ते कळलंही नाही.

ताई थकली होती. हे लिहायला मला आवडत नाही, पण ती थकली होती. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर पलंगावर तिची लग्नातली हिरवी पैठणी काढून ठेवलेली. ती तिच्या घड्या बघत होती, कुठे जरीचा काठ काळा पडलाय का.  माझ्याकडे या प्रसंगासाठी एकही घोषणा नव्हती.

मग सासूबाईंचा फोन आला. ताईने स्पीकरवर टाकला, कारण ती ब्लाउजचे हूक तपासत होती.

“अगं, कशी आहेस? तब्येत बरी ना?” सासूबाईंचा आवाज मधासारखा. “ऐक ना. मुलीकडचे लोक रविवारी येतायत. मुलीच्या आईला तुला भेटायचंय.”

“मला? का?”

“असतं गं बायकांचं. म्हणाल्या, तुमच्या थोरल्या सुनेशी एकदा बोलायचंय, घर कसं आहे ते तिच्याकडून कळेल. मुलगी दूरची आहे, चिपळूणकडची, इथे कुणी नाही त्यांचं. आम्ही सांगितलंय तू कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला आहेस, रविवारी येशील. दहा मिनिटं बस त्यांच्याशी. तुझं बोलणं किती गोड आहे.”

ताईचे हात थांबले.

मला तेव्हा कळलं, आणि तिला माझ्या आधी कळलं असावं, की फोटोचं निमित्त होतं. यांना साक्षीदार हवा होता. आपल्याकडे स्थळ बघायला गेलं की लोक फ्लॅटचं क्षेत्रफळ बघतात, पगाराची स्लिप मागतात, पण घर खरोखर कसं आहे ते बघायचं असेल तर शहाण्या बायका त्या घरातल्या आधीच्या सुनेचा चेहरा बघतात. या घराकडे दाखवायला तो चेहरा नव्हता. तो मानपाड्याला, आमच्या घरी होता. म्हणून त्याचा भाव आला होता.

“मी बोलेन त्यांच्याशी,” ताई म्हणाली.

“बघ, मला माहीतच होतं, तू गुणाची आहेस.”

“त्या विचारतील ते सांगेन. तो माझ्याशी कसा बोलतो ते सांगेन. मी पुण्याला नाही, घर सोडून आलेय, हे सांगेन. चालेल?”

पलीकडे चालू असलेला मिक्सर बंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, “एका मुलीचं लग्न मोडून तुला काय मिळणार आहे?”

“मोडायचं का नाही ते ती ठरवेल ना, आई.”

फोन कट झाला. ताईने पैठणी घडी करून कपाटात टाकली, नीट नाही, कशीतरी.

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. नवरा. दोन वर्षांत पहिल्यांदा, मधे आई न घालता.

“तू असं का करतेयस?” तो म्हणाला. आवाज चढलेला. “माझ्या भावाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुझं-माझं जे काय असेल ते असेल. त्याने काय घोडं मारलंय तुझं? बोल ना. मी तुझ्याशी बोलतोय!”

“हो,” ताई म्हणाली. “येतं की तुला.”

आणि तिने फोन ठेवला. मी तेव्हा हसले. ती रडली. आमच्यातला फरक इतकाच आहे.

ऑफर अर्थातच मागे घेतली गेली. वकीलसाहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्रॅक्टिकल नाही. मी तुमच्यासाठी एवढं सेट केलेलं.” फी परत मिळणार नव्हती, ती म्हणे मेहनतीची होती. दोन मुलगे असलेल्या त्या अज्ञात बाईच्या मेहनतीची, असं मी म्हणणार होते, पण ताईने माझा हात दाबला. खाली उतरून तिने फरसाणवाल्याकडून पाव किलो भावनगरी घेतली. म्हणाली, या जिन्याचं एवढं तरी वसूल होऊ दे.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त संतापाची वाटते. आम्ही कल्याणच्या कोर्टात दुसरा कुणी वकील मिळतो का बघायला गेलो होतो आणि भिंतीवरच्या एका पाटीवर मला मोफत कायदेशीर मदतीबद्दल वाचायला मिळालं. पाटीवर कोणाकोणाला वकील मोफत मिळतो त्याची यादी होती, आणि त्यात लिहिलं होतं: स्त्रिया. गरीब स्त्रिया नाही. निराधार स्त्रिया नाही. नुसतं स्त्रिया. मी आत जाऊन विचारलं, उत्पन्नाची अट? बाईंना अट नाही, असं सांगितलं आणि फॉर्म दिला. इतकं सोपं.

हे ठाण्याच्या काकांना माहीत नव्हतं? स्टेशनजवळच्या पॅकेजवाल्यांना माहीत नव्हतं? बाबांच्या पलंगाखालच्या सगळ्या गठ्ठ्यांत, साम्राज्यवादापासून गिरणीच्या जमिनींपर्यंत सगळं होतं, हे एक वाक्य नव्हतं. आणि घरी येऊन सांगितलं तर आई काय म्हणाली? “फुकटचा वकील? लोक काय म्हणतील, आपली ऐपत नाही?” माहेरी आलेली मुलगी लपवायची, आणि वकील मात्र भारीतला दाखवायचा. कुणाला दाखवणार होतो देव जाणे.

ज्या वकीलबाई मिळाल्या त्या देवी वगैरे नाहीत. त्यांच्याकडे फायलींचा डोंगर आहे, त्या ताईचं नाव दर वेळी चुकीचं घेतात, आणि बोलता बोलता केळ्याचे वेफर्स खातात. पण त्यांनी पहिल्या दिवशी ड्राफ्ट दिला नाही. कोरे कागद दिले.

“काय काय झालं ते लिहून आणा. मराठीत. तुमच्या शब्दांत. मी पुढचं बघते.”

“मार नाही त्यात,” ताईने आधीच सांगून टाकलं.

“नसू दे. मानसिक त्रासही कायद्यात आहे. सिद्ध करायला वेळ जाईल, मी खोटं सांगणार नाही. जिंकूच असंही सांगत नाही.” त्यांनी वेफर्सचं पाकीट ताईपुढे केलं. “एक बरं केलंत. आत्ता सांगितलंत त्या हळदीला हसत उभ्या राहिल्या असतात ना, तर उद्या तेच फोटो कोर्टात लावले असते. बघा, सगळं सुरळीत होतं, बाई नांदत होती.”

नांदत होती. हा शब्द बघा. पुरुष राहतो, बाई नांदते. तो बायकोशी दोन वर्षं न बोलता राहिला तरी त्याला कुणी विचारत नाही की तू नांदवलंस का. तिने मात्र एका फोटोत दात दाखवले की ती नांदली.

केस चालू आहे. तारखा पडतायत. ताई सुट्टी टाकून जाते, मी जमेल तशी सोबत जाते. बाबा एकदा आले होते, बाकावर बसून राहिले, आणि परतताना ताईला म्हणाले, “तुझं लिहिलेलं वाचलं मी. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.” ताईने मान हलवली. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. तिने केलंय का ते तिचं तिला ठाऊक.

आणि ती मुलगी? लग्न झालं. कोपरला दणक्यात झालं. फोटो मीही बघितले, कुणाच्या तरी स्टेटसला होते. हळद लावायला कुणी चुलत वहिनी उभी केलेली होती. ताईने तो रविवार आणि त्यापुढचे सगळे रविवार फोन हातात घेऊन काढले होते. आंघोळीला जातानाही मला सांगून जायची, वाजला तर उचल. तिला वाटलं होतं की सून ऐनवेळी आली नाही म्हटल्यावर चिपळूणची ती आई निदान नंबर तरी मागेल. फोन आला नाही. तिने स्वतः शोधून लावायचा प्रयत्न केला. मुलीचं नाव लग्नपत्रिकेत मिळालं, नंबर मिळाला नाही, आणि ज्यांच्याकडे होता त्यांनी दिला नाही. आमचं मॅटर नाही म्हणाले. ती मुलगी आता त्याच टेबलावर जेवायला बसते. तिचा नवरा, ताईचा धाकटा दीर, बोलका आहे म्हणतात. मला आशा आहे की तो बोलका असेल.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते आणि ते तुम्ही करायचं आहे. तुमच्या मुलीचं, बहिणीचं, भाचीचं स्थळ बघायला जाल तेव्हा त्या घरात आधीची सून असेल तर तिला भेटायला मागा. चहाचा ट्रे घेऊन सासूसमोर उभी असलेली नको. एकटी, बाहेर, सोसायटीच्या बाकावर. ती पुण्याला ट्रेनिंगला आहे, माहेरी गेलीय, तिची तब्येत बरी नाही, असं काहीही सांगितलं तरी मान हलवून कांदेपोह्यांकडे वळू नका. तिचा नंबर मागा. दिला नाही तर उठा. दिला तर त्याच दिवशी लावा आणि तिला बोलू द्या.

ती उचलेल.